मुंगूस चालतं, मग प्रीपोन का नाही?

‘तुम्ही इंग्रजीत करत असलेल्या दहा चुका’ छापाचे रील्स माझ्या फोनवर रोज येऊन आदळतात. त्यात ‘प्रीपोन’ असतोच. असा शब्दच नाही म्हणे! आहे. ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. मीटिंग पुढे ढकलायला ‘पोस्टपोन’ आणि आधी घ्यायची तर चार शब्दांची कसरत. ही अडचण आपल्या लोकांनी एका शब्दात मिटवली, यात हसण्यासारखं काय आहे?

बरं, ज्या शुद्धतेचा एवढा धाक, ती तरी बघू. ‘आयलंड’ या शब्दात एस मुळात नव्हताच. ‘आइल’शी त्याचं नातं असावं अशा गैरसमजातून तो घुसला. कर्जाला म्हणतात तो ‘डेट’ फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात बी नव्हता. लॅटिनचा रुबाब हवा म्हणून पंडितांनी तो बसवला, आणि आपण आजही तो न उच्चारता लिहितो. ‘एप्रन’ मूळचा ‘नेप्रन’. ‘अ नेप्रन’ लोकांना ‘अ‍ॅन एप्रन’ असं ऐकू आलं, झालं. आणि आपलं मुंगूस? ते तिकडे जाऊन ‘माँगूस’ झालं. यावर कुणी रील करत नाही. याला व्युत्पत्ती म्हणतात.

माझ्या ऑफिसात परभणीकडचा एक मुलगा आहे. कोडिंगमध्ये आमच्यातल्या कुणाहूनही सरस. एका कॉलवर तो ‘आय पास्ड आउट इन 2019’ म्हणाला. ‘मग शुद्धीवर कधी आलास?’ असं कुणीतरी चॅटवर लिहिलं, खाली हसऱ्या इमोजींची रांग. तेव्हापासून तो कॉलवर माइक बंद ठेवतो. त्याचं काम आता दुसराच कुणी समजावून सांगतो आणि शाबासकीही तोच घेतो.

खडकवासल्याला एनडीएची पासिंग आउट परेड होते. तिथे काय कॅडेट बेशुद्ध पडतात? हा प्रयोग इंग्रजांच्याच लष्करातला. ‘डू द नीडफुल’ही त्यांचंच, त्यांनी वापरणं सोडलं, आपण सोडलं नाही, एवढाच आपला गुन्हा.

अर्थाचा घोळ होत असेल तिथे जरूर टोका. औषधाच्या चिठ्ठीत, करारात नेमकेपणा हवाच. पण त्या कॉलवर एकालाही अर्थ कळला नव्हता असं नाही. तिथेच बसलेला दुसरा एक जण दर वाक्यात ‘आय लिटरली डाइड’ म्हणतो आणि ठणठणीत असतो. त्याला कुणी टोकत नाही, कारण तो कॉन्व्हेंटचा. हसू येतं ते जिल्हा परिषदेच्या शाळेचं, आणि त्याला व्याकरणाचं नाव दिलं जातं.

गेल्या आठवड्यात टीमच्या ग्रुपवर मी मुद्दाम लिहिलं: ‘मीटिंग प्रीपोन्ड टू 11. काइंडली डू द नीडफुल.’

अकराला सगळे हजर होते.