जनरेटरची वीज ‘शॉक देत नाही’?

गणेशोत्सव, नवरात्र जवळ आले की चौकाचौकांत मंडप उभे राहतात आणि एक वाक्य हमखास कानावर येते : ‘ही जनरेटरची लाईन आहे, हिचा शॉक लागत नाही!’ हा समज अर्धा खरा आहे आणि म्हणूनच जास्त घातक आहे.

आपल्या घरी येणाऱ्या विजेची न्यूट्रल वायर ट्रान्सफॉर्मरपाशी जमिनीला जोडलेली असते. त्यामुळे फेजला हात लागला की प्रवाह शरीरातून जमिनीत आणि तेथून परत ट्रान्सफॉर्मरकडे जातो. छोट्या जनरेटरची मात्र बहुधा एकही वायर जमिनीला जोडलेली नसते. परतीची वाट नसल्याने एका वायरला हात लागला तरी सहसा झटका बसत नाही.

पण ही वाट पूर्ण बंद कधीच नसते. वायर आणि जमीन यांच्यामध्ये प्लॅस्टिकचे आवरण असले, तरी तिघांचा मिळून एक कपॅसिटरच तयार होतो आणि त्यातून एसी प्रवाह थोडा थोडा झिरपतो. वायर जितकी लांब, जमीन जितकी ओली, तितकी गळती अधिक.

त्याहून वाईट म्हणजे पहिला बिघाड गुपचूप होतो. सोललेली वायर लोखंडी खांबाला टेकते, तरी फ्यूज उडत नाही आणि दिवेही चालूच राहतात. वाढलेला रक्तदाब जसा तक्रार न करता शरीरात राहतो, तसेच हे. मग दुसऱ्या वायरला ज्याचा हात लागेल, त्याला पूर्ण २३० व्होल्टचा धक्का बसतो. ओल्या अंगाचा विरोध सुमारे १००० ओहम धरला, तर शरीरातून २३० मिलिअँपिअर प्रवाह जातो. १० ते १५ मिलिअँपिअरला मूठ आवळते, वायर सुटत नाही. ५० ते १०० ला हृदयाची लय बिघडून माणूस दगावू शकतो.

काही जाणकार विचारतील, ‘ऑपरेशन थिएटरमध्ये अशीच जमिनीपासून वेगळी ठेवलेली वीज वापरतात ना?’ वापरतात. पण तेथे वायरी आखूड असतात आणि पहिला बिघाड होताच बजर वाजवणारे यंत्र चोवीस तास पहारा देते. सुरक्षितता त्या पहाऱ्यात आहे, नुसते अर्थिंग नसण्यात नाही. मंडपात हा पहारा कोण देणार?

म्हणून मंडळांना माझे आग्रहाचे सांगणे आहे. रोषणाईचा खर्च थोडा कमी करा, पण परवानाधारक वायरमन बोलवा. जनरेटरची न्यूट्रल व बॉडी अर्थिंगला जोडून घ्या आणि लगेच पुढे ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी बसवा. न्यूट्रल न जोडता नुसता ईएलसीबी बसवला, तर ऐन वेळी तो उडेलच असे नाही. लोखंडी खांबही अर्थ करा. वायरींचे जोड ओल्या जमिनीवर ठेवू नका.

तरीही कोणाला शॉक बसलाच, तर आधी जनरेटर बंद करा, मगच त्याला हात लावा. श्वास थांबला असेल तर १०८ ला फोन करा आणि छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोराने दाबत राहा. शुद्धीवर असलेल्यालाही ‘बरा दिसतो’ म्हणून घरी पाठवू नका. ईसीजी काढूनच निर्णय घ्यावा.