खर्च खरा, पण पावती कोठे?

मार्च अखेर जवळ आली की कापड बाजारातील आपल्या गाद्यांवर एकच धावपळ सुरू होते. वर्षभर खिळ्याला अडकवलेल्या चिठ्ठ्या काढायच्या, पिशवीत भरायच्या आणि सी. ए. साहेबांपुढे नेऊन ठेवायच्या. काही फाटलेल्या, काहींची शाई उडालेली. मग साहेब विचारतात, "सेठ, खर्च खरा, पण पावती कोठे?" आणि आपण गप्प!

आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले आणि हिशेब वडिलांच्या गादीवर. कोणाकडे किती उधारी, हे तोंडपाठ असे. पण कागद सांभाळण्याची सवय नव्हती. त्याची किंमत आम्ही २०१२ साली मोजली. एका सूत व्यापाऱ्याला एकाच दिवशी ६० हजार रुपये रोख दिले. सूत आले, कापड विणले गेले, विकलेही गेले. परंतु त्या वेळी एका दिवसात एका माणसाला २० हजारांहून अधिक रोख दिल्यास तो खर्च नामंजूर होत असे. ते ६० हजार आमच्या नफ्यात मिळवले गेले आणि जो नफा झालाच नाही, त्यावर आम्ही कर भरला. २०१७ साली ही मर्यादा १० हजारांवर आली. मोठी रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या, हाच यातला धडा.

मूळ गोष्ट साधी आहे. आयकर विक्रीवर नसतो, नफ्यावर असतो. जो खर्च केवळ धंद्यासाठी झाला तो नफ्यातून वजा होतो. दुकानाचे भाडे, वीजबिल, मजुरी, सायझिंग, दलाली, मालवाहतूक, मागाची दुरुस्ती, विमा, धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाचे व्याज, हे सारे त्यात येते. घराच्या एका खोलीत शिलाई यंत्रे असतील तर तेवढ्या भागाचे भाडे आणि वीज धरता येते. भाऊ किंवा मुलगा दुकानावर खरोखर काम करत असेल तर त्याचा वाजवी पगारही धरता येतो. मागाची किंमत एकाच वर्षी वजा होत नाही. दरवर्षी १५ टक्के घसारा मिळतो. एक लाखाच्या यंत्रावर पहिल्या वर्षी १५ हजार, दुसऱ्या वर्षी उरलेल्या ८५ हजारांवर १२,७५०. मात्र पहिल्या वर्षी यंत्र १८० दिवसांपेक्षा कमी वापरले तर निम्माच घसारा. घरचा किराणा, लग्नकार्य आणि कायदा मोडल्याचा दंड हे धंद्याचे खर्च नव्हेत. जकातही नव्हे, ती नफ्यातून द्यायची असते.

आता काही बांधव म्हणतात, "विक्रीच्या ८ टक्के नफा दाखवला की काम झाले, वही कशाला?" ही सोय कायद्यात आहे, वर्षाला दोन कोटींपर्यंतच्या धंद्याला, बँकेतून आलेल्या रकमेवर तर ६ टक्केच. दलालीच्या उत्पन्नाला मात्र ती लागू नाही. शिंपी, रफूगार, छोटा कारखानदार यांना ती उपयोगाची आहे. पण त्यात घसाऱ्यापासून मजुरीपर्यंत सारे खर्च वजा झाले असे धरतात, वेगळे काही मागता येत नाही. कापडाच्या व्यापारात ८ टक्के सुटतात किती जणांना? एखाद्याची रोखीची विक्री एक कोटी ८० लाख आणि खरा नफा ४ टक्के, म्हणजे ७ लाख २० हजार. वही नाही म्हणून त्याने ८ टक्के दाखवले तर उत्पन्न होते १४ लाख ४० हजार. २०२५ च्या अर्थसंकल्पाने नव्या करपद्धतीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर ठेवलेला नाही. वहीवाल्याला कर शून्य. बिनवहीवाल्याला सुमारे एक लाख! कमी नफा दाखवायचा तर कधी कधी हिशेब तपासून घ्यावा लागतो, हे खरे. पण तपासनिसाची फी एक लाखाहून खचितच कमी.

नव्या करपद्धतीत विमा, प्रॉव्हिडंट फंड यांची वजावट गेली, पण धंद्याचा खर्च गेलेला नाही. या दोन गोष्टींत आपली माणसे गल्लत करतात.

कर चुकवा, असे आम्ही म्हणत नाही. खोटी बिले विकणारे दारात येतात, त्यांना दारातूनच परत पाठवा. जे देणे लागतो ते द्यावे, पण अज्ञानापोटी जास्त का द्यावे? जकातीसाठी गोदामातला माल, रोकड, येणे आणि देणे आपण दरवर्षी मांडतोच. तीच वही रोज लिहिली तर दोन्ही हिशेब चोख निघतील. मजुरीच्या नोंदवहीत कारागिराची सही किंवा अंगठा घ्या, पावती फाइलला लावा, धंद्याचे बँक खाते घरापासून वेगळे ठेवा. उर्दू, मराठी, ज्या लिपीत हात चालतो त्या लिपीत लिहा. पण आजचा खर्च आजच लिहा.