उलटी पट्टी, ताठ कणा



अलीकडे आपल्या भागात एक नवे पीक जोरात आले आहे. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही, ते बाराही महिने येते आणि पाऊस हुकला तर जास्तच येते. ते पीक उपदेशाचे. कुठल्याही मेळाव्याला जा, व्यासपीठावर एक तरी पाहुणा असतो जो सांगतो, ‘खचू नका, मन प्रसन्न ठेवा, कष्टाला पर्याय नाही.’ सांगणाऱ्याच्या पगाराची तारीख ठरलेली असते. ऐकणाऱ्याला मात्र मळणी होऊन पोती बाजारात उतरेपर्यंत आपल्या ज्वारीचे काय होणार हे ठाऊक नसते.

कष्टाचे धडे आम्हाला द्यावेत असे काय घडले आहे? 1972 च्या दुष्काळात याच शिरूर-दौंड भागातल्या बायाबापड्यांनी खडी फोडली, बंधाऱ्यांची माती वाहिली, सुकडी खाऊन दिवस काढले आणि पाऊस पडताच पुन्हा पाभर धरली. त्या पिढीला सकारात्मक विचार हा शब्दही माहीत नव्हता. कमी पडले ते कष्ट नव्हते.

तरीही हा विषय आम्ही सोडून देणार नाही. कारण माणूस पडतो हे खरे आहे, आणि पडलेल्याने उठायचे कसे हा प्रश्न घरोघर आहे. पीक जाते, बैल मरतो, मुलीच्या लग्नाचे कर्ज फिटत नाही, पोरगा दहावीला गटांगळी खातो. अशा वेळी घरातला कर्ता माणूस सगळा दोष स्वतःच्या कपाळावर लिहून घेतो. आमचे भांडण आहे ते या लिहून घेण्याशी.

रब्बी ज्वारी करणाऱ्याला हे समजावून सांगायला नको. पाऊस गेल्यावर काळ्या रानाला भेगा पडतात आणि त्यातून ओल उडते. मग आपण कोळपे घालतो, भेगा बुजवतो, वरचा थर भुसभुशीत करतो, आणि खालची ओल ताटांसाठी राखतो. एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी, असे जुनी माणसे म्हणायची ते उगीच नाही. वेळेवर कोळपले नाही तर ती चूक आपली, ती कबूल केलीच पाहिजे आणि पुढच्या साली सुधारली पाहिजे. पण कोळपणी कितीही केली तरी बाजारातला भाव वर येत नाही. भेग बुजवणे आपल्या हातात, भाव पाडणे दुसऱ्याच्या हातात. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की माणूस खचतो. त्या वेगळ्या केल्या की निम्मे ओझे तिथेच उतरते.

फेब्रुवारी 2023 मध्ये सोलापूरच्या बाजारात बार्शीकडच्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा नेला. किलोला 1 रुपया भाव लागला. भाडे, हमाली, तोलाई वगैरे वजा जाता हाती पट्टी आली 2 रुपये 49 पैशांची, आणि धनादेश निघाला 2 रुपयांचा. 512 किलो कांदा पिकवणाऱ्याला कोणत्या तोंडाने कष्टाचे महत्त्व सांगायचे? त्याच्याकडे कष्टही होते आणि पीकही होते.

आता आंबेठाणची गोष्ट. शिक्रापूरहून चाकणचा रस्ता धरला की आंबेठाण फार लांब नाही. टपाल खात्यातली वरिष्ठ नोकरी, पुढे स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथे जागतिक टपाल संघटनेतली नोकरी, असे सगळे सोडून शरद जोशी 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात तिथे आले, आणि कोरडवाहू जमीन घेऊन शेती करू लागले. काकडी लावली. माल बाजारात गेला आणि काही दिवसांनी उलटी पट्टी आली. उलटी पट्टी म्हणजे मालाच्या किमतीपेक्षा खर्चच जास्त, वर शेतकऱ्यानेच पैसे भरायचे. तुमच्या-आमच्या घरात अशा पट्ट्या खुंटीला टांगून पिवळ्या पडल्या आहेत. बाप म्हणायचा, नशीब. आजा म्हणायचा, साडेसाती.

जोशींनी नशिबाला विचारले नाही, वहीला विचारले. बियाणे किती, मजुरी किती, घरच्या माणसांची मजुरी का धरायची नाही, बैलाचा दिवस कितीला पडतो, आणि या सगळ्याची बेरीज बाजारातल्या भावापेक्षा जास्त का निघते? कांद्याच्या प्रश्नावर 1978 पासून चाकणला जे सुरू झाले ते या बेरजेतून. 1979 साली ‘वारकरी’ नावाचे साप्ताहिक निघाले, 1980 च्या नोव्हेंबरात नाशिक जिल्ह्यातले शेतकरी ऊस-कांद्याच्या भावासाठी रेल्वे रुळांवर बसले आणि खेरवाडीला गोळीबारात दोन शेतकरी गेले. एका माणसाची उलटी पट्टी लाखोंची झाली, कारण ती त्याने लपवली नाही.

कोणी म्हणेल, जोशींना परत जाण्याची वाट होती, शिल्लक होती, आम्हाला कुठे आहे? हे अगदी बरोबर आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. ज्याच्या मागे शिल्लक असते त्याचे अपयश अनुभव म्हणून खपते. कोरडवाहू शेतकऱ्याचे अपयश पुढच्या पेरणीचे बियाणे खाऊन जाते. म्हणून त्यांच्या धाडसाची नक्कल करा असे आमचे म्हणणे नाही. पट्टी हाती आल्यावर त्यांनी केले काय, एवढेच घ्या. त्याला पेन्सिल आणि वही यापलीकडे भांडवल लागत नाही.

दुसरे उदाहरण तर तालुक्यातलेच. पाबळला 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेत डॉक्टरेट केलेला, मोठ्या कंपनीच्या संशोधन केंद्रात काम केलेला हा माणूस पन्नाशी उलटल्यावर कोरड्या पाबळात येऊन राहिला, तो 2003 साली वारेपर्यंत. शाळेने ‘नापास’ म्हणून बाजूला टाकलेली पोरे त्यांनी घेतली. त्यांच्या हाती वेल्डिंगचा दांडा दिला, गवंड्याची थापी दिली, विजेची जोडणी शिकवली, शेती आणि जनावरे सांभाळायला लावली, आणि प्रत्येक कामाचा खर्च त्यांच्याकडूनच काढून घेतला. पोरगा तोच, डोके तेच. फळ्यावर न समजलेले गणित त्याला लोखंड कापताना समजू लागले. मग नापास कोण होते? ज्या घरात पोराच्या निकालावरून आज तोंडे पडलेली आहेत, त्यांनी पोराला एक शब्द टाकून बोलण्याआधी एकदा पाबळला जाऊन यावे. एसटी जाते.

हे सगळे आम्ही आज का लिहितो? कारण जो गप्प बसतो तो हातचा जातो. 19 मार्च 1986 रोजी यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे यांनी बायको आणि चार लेकरांसह जीवन संपवले. ते गावचे सरपंच राहिलेले होते, जमीनदार होते. त्यांना हिंमत नव्हती असे म्हणण्याची आमची हिंमत नाही. त्यानंतर किती घरे गेली ते कपाशीच्या मुलखातल्या वाचकांना आम्ही सांगायला नको. अशा घरी जाऊन ‘सकारात्मक राहायला हवे होते’ म्हणणारा माणूस मेलेल्याला दुसऱ्यांदा मारतो.

आणि दोष कुणाचा, हे सरकारी कागदच सांगतात. जागतिक व्यापाराच्या करारासाठी भारत सरकारने 1986 ते 1988 या वर्षांचा हिशेब लिहून दिला, त्यात शेतीमालाला मिळणारा आधार उणे निघाला. म्हणजे शेतकऱ्याला दिले कमी आणि त्याच्याकडून काढून घेतले जास्त. हे जुने झाले म्हणाल तर ताजे घ्या. 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला 8,110 रुपये क्विंटल हमीभाव जाहीर झाला आणि त्याच वर्षी 19 ऑगस्टला कापसावरचा 11 टक्के आयातकर उठवला गेला. आधी 30 सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून 31 डिसेंबरपर्यंत. नेमका आपला कापूस घरात येण्याचा काळ. त्या हंगामात ज्याला व्यापाऱ्याकडे पडत्या भावाने माप घालावे लागले, त्याने रात्री अंथरुणावर पडून ‘आपण कुठे चुकलो’ म्हणून तळमळावे का?

बोंडअळीकडे वेळेवर लक्ष दिले नसेल, बियाण्याची पावती जपून ठेवली नसेल, सावकाराच्या कागदावर न वाचता अंगठा दिला असेल, तर ते मात्र आपले. तिथे सरकारकडे बोट दाखवून सुटका नाही. ते दुरुस्त करायला अंगमेहनत लागते, अक्कल लागते, आणि शेजाऱ्याला विचारायची लाज सोडावी लागते. आमच्या लेखी ही तिसरी गोष्ट सगळ्यांत अवघड. पुरुष पारावर बसून पावसावर तास-तास बोलतील, पण थकलेल्या हप्त्याबद्दल अक्षर काढणार नाहीत. बायका निंदणीला एका ओळीत बसल्या की घरचे सगळे एकमेकींना सांगून मोकळ्या होतात. घर पडता पडता कितीदा सावरले ते त्यांनीच, हे चांदवडला 1986 च्या महिला अधिवेशनात ज्यांनी त्यांना बोलताना ऐकले त्यांना वेगळे सांगावे लागत नाही.

म्हणून शिक्रापूरच्या बैठकीला येताना हात हलवत येऊ नका. मागच्या तीन वर्षांच्या पट्ट्या घेऊन या, उलट्या असतील तर त्या आधी. बियाण्याच्या पावत्या, सोसायटीचे पुस्तक, खतांच्या दुकानातली उधारी, सगळे आणा. आणि घरच्या लक्ष्मीला बरोबर आणा, कारण निंदणी-वेचणीचे दिवस किती भरले हे तिलाच तोंडपाठ असते. भाषणे आम्ही थोडकीच ठेवतो. गावागावाने गोल करून बसू आणि एकेकाची पट्टी मोठ्याने वाचू.