‘वाचून दाखविलें, बरोबर आहे’

मामलेदार कचेरींत जबाब घेण्याची एक जुनी रीत आहे. जबाब देणारा साक्षर असो वा निरक्षर असो, लिहून झालेला मजकूर त्यास वाचून दाखवावयाचा, आणि तळाशीं ‘वाचून दाखविलें, बरोबर आहे’ असा शेरा लिहून मगच त्याची सही अगर आंगठा घ्यावयाचा. महसूल खात्याच्या नोकरींत मीं हा शेरा किती वेळां लिहिला असेल याची गणती नाहीं. २०१७ सालीं संगणकावर चढविलेल्या सातबाऱ्यांचें गांवोगांवीं चावडीवाचन झालें, त्याच्या मुळाशींही हेंच तत्त्व होतें. ज्याच्यासाठीं कागद लिहिला त्याच्यापर्यंत तो पोंचला नाहीं, तर तो कागद पुरा झाला असें महसुली कारकून मानीत नाहीं.

हें आज या मासिकांत लिहिण्याचें कारण असें कीं, शेतकीचें शिक्षण आतां फोनवर येऊं लागलें आहे. रोपवाटिका, ठिबक सिंचन, मधुमक्षिकापालन इत्यादि विषयांचे पाठ घरबसल्या मिळतात. सोय उत्तम आहे. १९७० सालीं सिडकोची स्थापना होऊन ठाणें, पनवेल व उरण भागांतील ९५ गांवांच्या जमिनी नवी मुंबईसाठीं घेण्यांत आल्या; त्या टापूंत ज्यांच्यापाशीं आज वीस-तीस गुंठे उरले आहेत, त्यांना अशा शिक्षणाची गरज इतरांहून कांकणभर अधिकच आहे.

आमच्या शेजारचा एक तरुण त्यांपैकींच होय. एकोणिसाव्या वर्षीं आजारानें त्याची दृष्टि गेली. वडिलांनीं राखलेल्या तुकड्यांत रोपवाटिका काढावी असें त्याच्या मनांत आहे. पिशवींतील माती ओली कीं कोरडी, रोप जोमदार कीं मरगळलेलें, हें तो बोटांनीं सांगतो, आणि तें बरोबर निघतें हें मीं स्वतः पाहिलें आहे. त्यानें एका संस्थेचा रोपवाटिकेचा अभ्यासक्रम शुल्क भरून घेतला. संस्थेचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं. पाठ आले. त्याच्या फोनमध्यें पडद्यावरील मजकूर मराठींत वाचून दाखविण्याची योजना आहे. ती सुरू करतांच आवाज आला, ‘प्रतिमा’. पुढील पान उघडलें, पुन्हां ‘प्रतिमा’. बारा पानांचा पाठ, आणि बारा वेळां तोच एक शब्द! पोरगा हंसला, मला मात्र हंसूं आलें नाहीं.

कारण शोधतां असें आढळलें कीं, छापील पुस्तकाच्या पानांचीं छायाचित्रें काढून तींच पाठ म्हणून धाडलीं होतीं. वाचणाऱ्या यंत्रास अक्षर लागतें. अक्षराच्या चित्रापुढें तें अडतें. चित्रांतून अक्षरें ओळखणारीं यंत्रें निघालीं आहेत खरीं, परंतु अंधुक छपाईंत तीं चुकतात, आणि कोष्टक आलें म्हणजे एका औषधाचें प्रमाण दुसऱ्याच्या ओळींत जाऊन बसतें. फवारणीच्या कामीं असली चूक जिवावर बेतावयाची.

पुढील दोन पाठ छायाचित्रें नव्हते, तरी यंत्र तेथेंही बडबडूं लागलें. ते पाठ जुन्या छपाईच्या टंकांत जुळविलेले होते. असल्या टंकांत डोळ्यांस मराठी दिसतें, पण आंतल्या आंत रोमन अक्षरें व चिन्हें यांची खिचडी असते. देवनागरीच्या प्रत्येक वर्णास स्वतंत्र अंक देणारी युनिकोडची पद्धत १९९१ सालापासून अस्तित्वांत आहे. तींत टंकलेलें मराठी कोणतेंही यंत्र नीट वाचतें. ऑस्ट्रेलियांतील मायकेल करन व जेम्स तेह या दोघां दृष्टिहीन गृहस्थांनीं २००६ सालीं ‘एनव्हीडीए’ नांवाची वाचनप्रणाली करण्यास आरंभ केला. संगणकावर ती फुकट मिळते आणि मराठीही वाचते. म्हणजे साधन घरांत आहे, पाठच त्याला जुळत नाहीं.

चलच्चित्रांच्या पाठांची तऱ्हा निराळी. आंब्याचें कोय कलम शिकविणारे गुरुजी म्हणतात, ‘हें असें कापावें, असें बसवावें, आणि असें गुंडाळावें.’ डोळसास तें कळलें. तेंच त्यांनीं ‘कोंवळ्या रोपाचा शेंडा आडवा कापून, खोडास मधोमध उभी चीर देऊन, पाचरीसारखी तासलेली काडी तींत बसवावी व प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळावी’ असें तोंडानें सांगितलें असतें, तर आंधळ्यास कळलें असतेंच, पण डोळसाच्याही ध्यानांत अधिक राहिलें असतें. बहिऱ्यासाठीं हींच वाक्यें चित्राखालीं लिहून द्यावीं लागतात. ‘लाल खुणेचें पान रोगट’ एवढेंच म्हटलें तर ज्यास लाल-हिरवा भेद कळत नाहीं त्यानें काय करावें? मळणीयंत्रांत ज्याचा हात गेला त्यास संगणकाची कामें केवळ कळफलकावरून करतां आलीं पाहिजेत, आणि परीक्षेचें घड्याळ त्याच्यासाठीं जरा सैल चाललें पाहिजे.

कायदा या बाबतींत मुका नाहीं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमाच्या कलम ४२ अन्वयें ध्वनि, मुद्रण व इलेक्ट्रॉनिक माध्यमांतील मजकूर अशा व्यक्तींस सुगम स्वरूपांत मिळेल अशी तजवीज करणें सरकारावर बंधनकारक आहे. ८ नोव्हेंबर २०२४ रोजीं राजीव रतुरी यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें असें ठरविलें कीं, सुगमतेचे नियम नुसते शिफारशीवजा असून चालणार नाहींत; सक्तीचे नियम करण्यास केंद्र सरकारास तीन महिन्यांची मुदत दिली. पुढें ३० एप्रिल २०२५ रोजीं त्याच न्यायालयानें डिजिटल व्यवहारांत प्रवेश असणें हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदांतील जीविताच्या हक्काचाच भाग मानला. ‘लेखकाचा हक्क आडवा येतो’ ही सबबही चालावयाची नाहीं. अपंगांसाठीं पुस्तकाचें सुगम रूपांतर करण्यास २०१२ च्या दुरुस्तीनें आपल्या कायद्यांत मोकळीक आहे, आणि त्याच विषयावरील माराकेश कराराला २०१४ सालीं सर्व राष्ट्रांत प्रथम मान्यता देणारा देश हिंदुस्थानच होय.

तरीही एक आक्षेप राहतोच, आणि तो मीं आपल्याच संघाच्या एका जुन्या सभासदांच्या तोंडून ऐकला : ‘असे विद्यार्थी कितीसे असणार? चार जणांसाठीं हा खटाटोप कशास?’ या गृहस्थांस मीं जमीन महसूल संहितेचें कलम १४३ दाखविलें. शेतास जावयास वाट नसेल तर शेजाऱ्यांच्या बांधावरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. ती मागणारा किती एकरांचा धनी आहे यावर त्याचा हक्क ठरत नाहीं. एकट्या खातेदारासाठीं वाट निघते, आणि आपल्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं ती मागून घेतलेली आहे! खर्चाविषयीं म्हणाल, तर पाठ प्रथमपासून नीट टंकला तर अधिक खर्च फारसा नाहीं. मागाहून सारें उकरून दुरुस्त करावयाचें म्हणजे मात्र खर्च येतो. बांध घालतांनाच पाण्याची वाट न ठेवणाऱ्यास हें सांगावयास नको.

आणि ‘असे विद्यार्थी’ म्हणजे कोणी परके नव्हेत. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालीं फवारणीच्या विषबाधेनें वीसांहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. कित्येकांच्या डोळ्यांस इजा झाली. मोतीबिंदू तर आपल्या वयांतील अर्ध्याअधिक मंडळींच्या दारांत उभा आहे. अंधानें शेती काय करावी, असें विचारणाऱ्यांनीं वलसाड जिल्ह्यांतील फणसा येथील केंद्राची माहिती घ्यावी. नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेनें १९६० सालीं टाटांच्या नांवानें तें अंधांच्या शेतकी शिक्षणासाठींच काढलें. ‘अपंग’ जाऊन ‘दिव्यांग’ शब्द आला. शब्द चांगला आहे, परंतु त्या शब्दानें पाठ वाचतां येत नाहीं.

आतां आपल्या घराकडे वळतों. संपादकांनीं राग मानूं नये. आपल्या मासिकाचे अंक सभासदांस फोनवर धाडले जातात, ते देखील पानांचीं छायाचित्रेंच असतात. संघ पुढील हंगामापासून स्वतःचे पाठ काढणार आहे असें ऐकतों. ते युनिकोडमध्यें टंकावेत. प्रत्येक चित्राखालीं चित्रांत काय आहे तें दोन वाक्यांत लिहावें. आणि प्रसिद्ध करण्यापूर्वीं प्रत्येक पाठ एका दृष्टिहीन व एका बहिऱ्या व्यक्तीकडून तपासून घ्यावा. अशी माणसें मिळत नाहींत ही तक्रार नवी मुंबईंत तरी करतां येणार नाहीं. वाशीस महानगरपालिकेचें अपंगांसाठीं शिक्षण-प्रशिक्षणाचें केंद्र आहे. खारघरला बौद्धिक दिव्यांगांसाठीं असलेल्या राष्ट्रीय संस्थेचें प्रादेशिक केंद्र आहे; सोप्या भाषेंत पाठ कसा लिहावा हें तेथील शिक्षक आपणांस सांगूं शकतील.

त्या तरुणाचे उरलेले पाठ मीं स्वतः टंकून दिले. कचेरींतील टंकलेखनाचा सराव कामीं आला. चौथा पाठ तो फोनवर ऐकत बसला होता, मीं चहा घेत होतों. मध्येंच त्यानें आवाज थांबविला आणि म्हणाला, ‘काका, दहा लिटर पाण्याला वीस मिलि असेल ना? इथें दोनशें वाचतोय.’ पुस्तक काढून पाहिलें. शून्य माझ्याच हातून अधिक पडलें होतें.