पगार दिला म्हणून मोबाईल मालकाचा होत नाही



मालक आपणांस पगार देतो तो आपल्या श्रमांबद्दल. ठरलेले तास, ठरलेले काम आणि त्या कामातील सचोटी, एवढ्यावरच त्याचा हक्क आहे. नोकराच्या घरी कोणाची तसबीर आहे, तो कोणत्या सभेस जातो, मित्रास काय लिहितो, हे विचारण्याचा अधिकार पगारातून उत्पन्न होत नाही. आज ती तसबीर, ती सभा आणि ते पत्र ही तिन्ही मोबाईलमध्ये आहेत. म्हणून मोबाईलवर पडणारी मालकाची नजर ही घरात पडलेली नजरच समजावी.

पिंगळीच्या स्टेशनावर गाडी धरून परभणीस, पुण्यास नोकरीसाठी जाणाऱ्या तरुणांचे आईबाप मला विचारतात, कंपनीने फेसबुकचा पासवर्ड मागितला तर द्यावा काय? हा प्रश्न क्षुल्लक नाही. दीक्षाभूमीवर किंवा चैत्यभूमीवर काढलेले छायाचित्र ज्याच्या खात्यावर आहे, त्याची जात आणि धर्म मालकास न विचारताच कळतो. मग 'जागा भरली' असे उत्तर मिळते आणि खरे कारण कोणत्याही कागदावर उतरत नाही. जे कागदावर नाही ते न्यायालयात सिद्ध करणे किती कठीण, हे वेगळे सांगावयास नको.

कायदा काय म्हणतो ते पाहू. मार्च १९४७ मध्ये बाबासाहेबांनी मूलभूत हक्क उपसमितीपुढे ठेवलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात नागरिकाचे शरीर, घर, कागदपत्रे व चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये, असे कलम होते. संविधानात ते स्वतंत्र कलम म्हणून आले नाही. पुढे २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. पुट्टस्वामी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींनी एकमताने निर्णय दिला की, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे.

परंतु मूलभूत हक्क हे मुख्यतः शासनाविरुद्धचे कवच आहे. खासगी मालकाशी आपले नाते करारपत्राचे. ते मालक लिहितो आणि नोकर गरजेपोटी सही करतो. २०२३ साली संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदी अमलात येण्यास १८ महिन्यांची मुदत देण्यात आली. याच कायद्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या प्रयोजनासाठी नोकराची माहिती संमतीवाचून वापरण्याची मुभा मालकास ठेवलेली आहे. नोकरीचे प्रयोजन कोठे संपते, याची स्पष्ट रेषा मात्र तेथे आखलेली नाही.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-सी असे सांगते की, दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणाऱ्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण भीतीपोटी का होईना, नोकराने तो स्वतः सांगितला की 'संमती होती' असे म्हणावयास मालक मोकळा होतो.

सरकारही येथे मालकच आहे. २०२१ साली सरकारी मोबाईल निकामी ठरले, तेव्हा महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ते परत केले; पोषणाची नोंद स्वतःच्या खासगी मोबाईलवर करण्याचा आग्रह त्यांनी नाकारला. जुलै २०२५ च्या शासन निर्णयाने कर्मचाऱ्यांस वैयक्तिक व कार्यालयीन खाती वेगळी ठेवण्यास सांगितले, आणि सरकारी धोरणावर टीका करू नये असेही बजावले. खाते वैयक्तिक आहे हे शासनानेच मान्य केले, तर त्यावर शासनाचा हात किती पोहोचावा, हा प्रश्न उरतोच.

अमेरिकेतील मेरीलँड राज्यात तुरुंग खात्याच्या एका कर्मचाऱ्याकडे मुलाखतीत फेसबुकचा पासवर्ड मागण्यात आला. त्याने दाद मागितली, ओरड झाली आणि २०१२ साली तेथे मालकाने पासवर्ड मागण्यासच बंदी करणारा कायदा झाला. पुढे वीसहून अधिक राज्यांनी तसेच केले. एका माणसाच्या तक्रारीतून हे घडले, हे ध्यानात ठेवावे.

तोपर्यंत आपण काय करावे? पासवर्ड कोणासही देऊ नये. मागणी झाल्यास ती लेखी मागावी. कंपनीच्या यंत्रावर आपले खासगी खाते उघडू नये. करारपत्र वाचल्यावाचून सही करू नये. जे सर्वांसाठी खुले ठेवले ते मालकही वाचणार, हे जाणून असावे. आपली ओळख लपवा, असे मी म्हणत नाही. ती केव्हा व कोणापुढे सांगावी हे ज्याचे त्याने ठरवावे, मालकाने नव्हे.

कामगारविषयक कायदे संविधानाच्या समवर्ती सूचीत येतात. सबब मेरीलँडसारखा कायदा महाराष्ट्राचे विधिमंडळही करू शकते. आपल्या आमदारास, आपल्या कामगार संघटनेस हा प्रश्न लेखी विचारा. जो हक्क मागितला जात नाही, तो कायद्याच्या पुस्तकात येत नाही.