जाणते पुढे, मशीन मागे

साथींनो,

बऱ्याच गावांच्या वनहक्क समित्यांकडे आता जीपीएस मशीन आलं आहे. मोबाईलएवढं, दोन सेल घातले की चालू. ते हातात धरून शिवेवरून चाललं की आपण कुठून कुठे गेलो त्याची रेघ आत उमटते. उद्या त्याच रेघेवरून परत चालायचं तर तेच वाट दाखवतं. कामाची वस्तू आहे. पण रेघ कुठून जायला पाहिजे, हे मशीनला ठाऊक नसतं. ते गावातल्या जाणत्या माणसालाच ठाऊक.

एका पाड्यावर मोजणीवाले भर उन्हात आले, नाल्याच्या अलीकडूनच फिरले आणि गेले. पलीकडचे मोह, गुरांचा पाणवठा, मसणवट, सगळं नकाशाबाहेर. मशीन खोटं बोललं का? नाही. पाय जिथे गेले तेवढंच त्याने लिहिलं. गावाला पुन्हा शीव चालावी लागली.

म्हणून शीव चालताना जाणती माणसं पुढे ठेवा. बायांना सोबत घ्या; डिंक, कंद, रानभाजी, सरपण यांच्या वाटा त्यांच्याच पायाखालच्या. शेजारच्या गावाला निरोप धाडा. दोन गावांचे दावे एकमेकांवर आले तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसायचं, असं नियमच सांगतात. वन आणि महसूल खात्याला लेखी कळवा, पोच घ्या. 2012 च्या दुरुस्तीप्रमाणे पडताळणीला त्यांनी हजर राहून हुद्दा, तारीख आणि शेऱ्यासह सही करायची आहे.

मशीन उघड्यावर चालू करा. उपग्रह सापडेपर्यंत थांबा, घाई नको. दाट झाडीत आणि खोल नाल्यात रेघ बऱ्याच मीटरने सरकते. पानगळ झाली की जंगल मोकळं होतं, तेव्हा रेघ बरी येते. शिवेचा दगड, झरा, वळण, गावदेव अशा प्रत्येक खुणेपाशी थांबून बिंदू नोंदवा. तिथंच वहीत लिहा: बिंदूचा नंबर, जागेचं आपल्या बोलीतलं नाव, कोणी दाखवली. मशीनमध्ये नुसते आकडे राहतात. जादा सेल विसरू नका.

दुसऱ्या दिवशी तरुण पोरांनी तीच रेघ परत चालावी, जाणत्यांना बरोबर घेऊनच. ते म्हणाले, "इथं नाही, वरच्या टेकाडावरून," तर तिथंच दुरुस्त करा. मग ग्रामसभेत वाचून दाखवा, ठराव करा. मशीन भरलं की जुन्या रेघा पुसल्या जातात, म्हणून लगेच उतरवून एक प्रत गावात ठेवा.

आणि कोणी म्हणालं, "जीपीएस नाही, दावा चालणार नाही," तर ऐकून घेऊ नका. उपग्रहाचं चित्र किंवा तंत्र हे बाकीच्या पुराव्याला जोड म्हणून आहे, त्याच्या जागी नाही, असं नियमांत स्पष्ट लिहिलंय. वडीलधाऱ्यांचा लिहून घेतलेला जबाब, विहीर, बांध, मसणवट, देवाची जागा हे पुरावेच आहेत. मशीन नसलेल्या गावानेही दावा आजच तयार करावा.

एक जाणता माणूस गेला की त्याच्याबरोबर कितीतरी जागांची नावं जातात. ती कुठल्याच मशीनमधून परत मिळत नाहीत. येत्या पावसाआधी प्रत्येक गावाने आपली शीव चालून घ्यावी.

जिंदाबाद!