मशीनमध्ये फुंकायचं ते फक्त ड्रायव्हरनंच काय?

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा अन् पूर्ण वाचा. अर्धी वाचून कमेंट करणाऱ्यांसाठी आधीच सांगतो, दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. माझी पोरगी कॉलेजसाठी रोज पहाटेच्या एसटीनं जाते. तेवढा दीड तास तिचा जीव स्टेअरिंगवरच्या माणसाच्या हातात असतो. तो माणूस शुद्धीत आहे की नाही हे तपासलंच पाहिजे. यात माझं दुमत नाही.

भांडण आहे ते कोणाला तपासता, कसं तपासता अन् तपासून पुढे करता काय, याचं.

परवा स्टँडजवळच्या टपरीवर हाच विषय निघाला. एक जण म्हणाला, "सगळ्यायले फुंकाले लावा, सापडला का घरी पाठवा, विषय संपला राजेहो." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण मला माझा चुलतभाऊ आठवला.

हा भाऊ कोळशाच्या हायवावर ड्रायव्हर होता. कोणाकडे होता ते नाव घेत नाही. हिवाळ्यात खोकला झाला म्हणून दोन झाकणं औषध घेतलं अन् तसाच ड्युटीवर गेला. गेटवर मशीनमध्ये फुंकला, मशीन वाजलं. "साहेब, औषध घेतलं, पुन्हा बघा." पुन्हा कोणी बघितलं नाही. मशीननं किती आकडा दाखवला हे सांगितलं नाही, कागद दिला नाही. पास काढून घेतला अन् हाकलला. नऊ दिवस घरी बसला. तो पीतच नाही असं मी म्हणणार नाही, पोळ्याला-लग्नात घेतो. पण त्या सकाळी प्यालेला नव्हता. अन् गंमत बघा, कधीमधी घेतो म्हणूनच त्या दिवशी त्याच्यावर कोणाचा विश्वास बसला नाही. गावात मात्र "बेवडा" हे नाव पडलं ते पडलंच.

आता हे मशीन काम कसं करतं ते समजून घ्या. पोटातून दारू रक्तात जाते, रक्तातून फुप्फुसात अन् तिथून श्वासात. चांगल्या मशीनमध्ये फ्युएल सेल असतो. श्वासातल्या अल्कोहोलची त्यात रासायनिक क्रिया होते, वीज तयार होते अन् त्या विजेवरून आकडा येतो. म्हणजे मशीन मोजतं श्वास, अन् अंदाज बांधतं रक्ताचा. या हिशेबात तोंडात उरलेलं अल्कोहोल घुसलं की आकडा फुगतो. काही खोकल्याच्या औषधांत अन् माउथवॉशमध्ये अल्कोहोल असतं. पंधरा मिनिटं थांबलं, चूळ भरली की तोंडातलं निघून जातं. रक्तातलं असेल तर ते पंधरा मिनिटांत जात नाही. म्हणजे खरं-खोटं करायला पंधरा मिनिटं अन् एक पेला पाणी लागतं. बस्स.

उलटंही लक्षात घ्या. शरीर दारू जिरवतं ती ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगानं, शंभर मिलिलीटर रक्तामागे. रात्री अकराला रक्तात १२० असेल तर सकाळी पाचला ३० उरतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ ची मर्यादा नेमकी तीच आहे, ३०. आंघोळ केली, लिंबू पिलं, खर्रा तोंडात टाकला म्हणून हा आकडा उतरत नाही. "रात्रीची होती, आता उतरली" म्हणणाऱ्या ड्रायव्हरभाऊंनी हा हिशेब पाठ करावा. पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरची तपासणी का हवी, ते यातच आहे.

ही झाली दारूची गोष्ट. आता कंपन्यांमध्ये लघवीच्या पट्टीवर गांजा अन् गोळ्या तपासण्याची पद्धत आली आहे. तिचं गणित अजून वेगळं. गांजाची नशा काही तासांत उतरते, पण त्याचा अंश लघवीत काही दिवस, रोज ओढणाऱ्याच्या तर काही आठवडे सापडतो. पट्टी सांगते "कधीतरी घेतलं होतं". "आत्ता नशेत आहे" हे ती सांगूच शकत नाही. धुळवडीला भांग घेतलेला माणूसही त्यात पॉझिटिव्ह येऊ शकतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या गांजाच्या व्याख्येत नुसतं पान येत नाही, पण पट्टीला कायदा कुठे कळतो? कोडीन असलेलं खोकल्याचं औषध घेतलेला माणूस अफूच्या रकान्यात जाऊन बसतो. म्हणून पट्टी हा नुसता संशय असतो. खात्री करायला प्रयोगशाळेतली दुसरी, वेगळ्या पद्धतीची तपासणी लागते.

अमेरिकेत ४ जानेवारी १९८७ ला मेरीलँडमध्ये रेल्वेचा अपघात झाला, १६ माणसं गेली. इंजिनवाल्यांनी गांजा ओढल्याचं निघालं. १९९१ मध्ये तिथे वाहतूक कामगारांच्या सक्तीच्या तपासणीचा कायदा आला. कडक कायदा. पण त्या कडक व्यवस्थेतही नमुन्याचे दोन भाग करतात. निकालावर शंका असेल तर कामगार ७२ तासांत दुसरा भाग तपासायला मागू शकतो. अन् शिक्का मारण्याआधी डॉक्टर फोन करून विचारतो, बाबा रे, कुठलं औषध चालू आहे का?

दूर कशाला जाता, आपल्याच देशात विमानाच्या पायलटचं बघा. श्वासाची पहिली चाचणी पॉझिटिव्ह आली तर थोड्या वेळानं दुसरी घेतात. ३१ जानेवारी २०२२ पासून पायलट अन् हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी दरवर्षी निदान १० टक्के लोकांची अमली पदार्थांसाठी अचानक तपासणी करायचा नियम आहे. त्यात पहिल्यांदा खात्रीनं सापडला तर त्याला उपचाराला पाठवतात, बरा झाला की पुन्हा तपासून कामावर घेतात. पायलटला उपचार अन् हायवाच्या ड्रायव्हरला गेटबाहेर! दोघांच्याही हातात लोकांचा जीव असतो ना?

खुद्द महाराष्ट्रातल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच सांगितलं आहे की तोंडाला वास येतो, तोल जातो, बोलणं अडखळतं एवढ्यावरून माणूस प्यालेला आहे असा निष्कर्ष काढता येत नाही, रक्ताची किंवा लघवीची तपासणी हवी. पन्नास वर्षं उलटली, अन् आपल्याकडे अजून मुकादम वास घेऊन निकाल देतो.

आता मुख्य मुद्दा. तपासता कोणाला?

एसटीच्या चालक-वाहकांच्या अचानक तपासण्यांच्या बातम्या आपण वाचतो. चांगली गोष्ट आहे, चालू द्या. पण १ जुलै २०२३ ची रात्र आठवा. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली. २५ माणसं जळाली. त्यात आपल्या वऱ्हाडातली, वर्ध्या-नागपूरकडची लेकरं होती. चालक म्हणाला टायर फुटला. नंतर अमरावतीच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालात त्याच्या रक्तात अल्कोहोल निघाल्याच्या बातम्या आल्या. म्हणजे तपासणी झाली ती २५ जण गेल्यावर. रोज संध्याकाळी यवतमाळातून पुण्याकडे ट्रॅव्हल्स निघतात. गाडी सुटायच्या आधी ड्रायव्हरला फुंकायला लावताना तुम्ही कोणी पाहिलं आहे काय? मी तरी नाही. वणीकडच्या रस्त्यावर ट्रिपवर पैसे घेणारे हायवावाले, शाळेच्या व्हॅनवाले, यांचं काय?

अन् मशीन झोप मोजत नाही हे कोण सांगणार? १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं ड्रायव्हरला दिवसाला ८ तास घालून दिले. ट्रिपवरचा पोरगा सोळा-सोळा तास चालवतो, डोळे उघडे राहावेत म्हणून खर्र्यावर खर्रा खातो. मशीनमध्ये फुंकला तर आकडा येतो शून्य. कागदोपत्री एकदम सज्जन ड्रायव्हर! २५ जानेवारी २०१२ ला पुण्यात स्वारगेटहून एसटी पळवून ९ जणांना चिरडलं गेलं. त्या खटल्यात वाद दारूचा नव्हता. रात्रपाळी बदलून न मिळाल्याचा अन् डोकं ठिकाणावर होतं की नाही याचा होता. दारू तपासायला मशीन आहे कारण दारूचा दोष ड्रायव्हरवर टाकता येतो. झोपेचा दोष मालकावर जातो, म्हणून त्याचं मशीन कोणाला नको आहे.

आता यवतमाळकरांना एक कडू आठवण. २०१७ चा पावसाळा. अंगाला भिडणारी पऱ्हाटी, पाठीवर पंप अन् फवारणीतून झालेली विषबाधा. वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर आपल्या जिल्ह्यात गेले, शेकडो दवाखान्यात पडले. कामगाराच्या रक्ताची आणखी एक तपासणी असते, कोलिनेस्टेरेजची. ऑर्गनोफॉस्फरसचं विष अंगात किती भिनलं ते ती माणूस कोसळायच्या आधी सांगते. १९७१ च्या कीटकनाशक नियमांत कामावर अशा औषधांशी संबंध येणाऱ्यांच्या वैद्यकीय अन् या रक्त तपासणीची तरतूद आहे. मी इतकी वर्षं गावोगाव फिरतो, अशी नियमित रक्ततपासणी झालेला एकही फवारणीवाला मजूर मला भेटलेला नाही.

बघा म्हणजे. मजुराला घरी बसवणारी तपासणी आपल्याकडे दारात हजर आहे. मजुराला वाचवणारी तपासणी कागदावर आहे.

दोन आक्षेप येतील, आत्ताच उत्तर देतो.

"माणसं मरतील तेव्हा तुमचे नियम काय चाटायचे?" भाऊ, मी कुठं म्हणतो की मशीन वाजलं तरी त्याला गाडी द्या? मशीन वाजलं की त्याला लगेच खाली उतरवा, दुसरा ड्रायव्हर बसवा. प्रवासी तिथेच सुरक्षित झाले. त्यानंतरची पंधरा मिनिटं त्याची आहेत. ती नाकारून कोणाचाही जीव वाचत नाही, फक्त एकाची भाकरी जाते.

"तपासणी म्हणजेच कामगाराचा अपमान." नाही. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, बरोबर आहे. पण पन्नास प्रवाशांच्या जिवापुढे दहा सेकंदांची फुंकर हा फार मोठा त्रास नाही. मात्र उद्या हेच निमित्त करून ऑफिसात टायपिंग करणाऱ्या पोरीकडे लघवीची बाटली मागाल, तर मी तिच्या बाजूनं उभा राहीन. ज्याच्या चुकीनं दुसऱ्याचा जीव जाऊ शकतो त्यालाच तपासा. अन् खासगी कामाच्या ठिकाणच्या या तपासण्यांसाठी आपल्याकडे स्वतंत्र असा एक कायदाच नाही, म्हणून जो तो मालक आपापला कायदा करून बसला आहे.

म्हणून मागण्या सरळ आहेत:

१) जो नियम एसटीला, तोच ट्रॅव्हल्सला, ठेकेदाराच्या हायवाला अन् शाळेच्या व्हॅनला.

२) पॉझिटिव्ह आला तर पंधरा मिनिटांनी दुसरी चाचणी, आकड्याचा कागद हातात अन् मागितली तर रक्ततपासणी. मशीनची जुळणी कधी केली ती तारीख गेटवर लावा.

३) लघवीच्या पट्टीवर कोणाचीही नोकरी घालवू नका. प्रयोगशाळेची खात्री अन् डॉक्टरचं विचारणं आधी.

४) पहिल्यांदा खात्रीनं सापडला तर स्टेअरिंगवरून उतरवा, पण उपचाराला पाठवा. पुन्हा सापडला तर मग खुशाल काढा.

५) फुंकरीच्या रजिस्टरमध्येच शेजारी लिहा, आधीची ड्युटी किती तास होती.

६) फवारणीच्या हंगामात तालुक्याच्या दवाखान्यात मजुरांची कोलिनेस्टेरेज तपासणी.

यातलं काहीच अवघड नाही. चार अन् पाचला मालकाचे पैसे लागतात, सहाला सरकारचे. म्हणून सोपं काम आधी होतं. चौकाचौकात बारला परवाना द्यायचा, महसूल मोजायचा अन् सकाळी ड्रायव्हरच्या तोंडाला मशीन लावायचं.

भावाला दुसरीकडे काम लागलं. परवा विचारलं, खोकला कसा आहे? म्हणाला, "आहेच, पण आता औषध घेत नाही. गेटवर कोण समजावून सांगत बसेल?" तापात, खोकत, बिनऔषधाचा तो रात्रभर हायवा चालवतो. मशीन शून्य दाखवतं अन् सगळे निश्चिंत!

पटलं तर आपल्या गावच्या ग्रुपवर टाका. नाही पटलं तर खाली भांडा, मी उत्तर देतो. फक्त आज रात्री ट्रॅव्हल्सनं निघणार असाल तर गाडीत चढायच्या आधी ड्रायव्हरभाऊंना एवढं विचारा, "भाऊ, झोप झाली का?"